बॉर्डरवरची साखर

‘बॉर्डरलाईन’ हा शब्द आपल्या घरांत किती सहज रुळला आहे पाहा. रक्ताचा रिपोर्ट हातात आला, आकडा जरा वर दिसला, की घरातलं कुणीतरी लगेच धीर देतं, ‘शुगर नाही हो, नुसतं बॉर्डरलाईन आहे.’ माझ्या सासरी, बेळगावात, हेच कन्नडमधून होतं, ‘स्वल्प शुगर ऐतिरी, भाळ इल्ला.’ माझ्या माहेरी, बऱ्हाणपूरला, तेच हिंदीच्या वळणानं, ‘बॉर्डरपे है, टेन्शन नहीं.’ भाषा तीन, पण अर्थ एकच. अजून काही झालेलं नाही, तेव्हा ताटात वाढलेलं मुकाट्यानं संपवा!

आता बॉर्डर म्हणजे काय, हे आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसांना कुणी शिकवायला नको. निपाणीहून कागलकडे निघालं, की कोगनोळी कधी मागे पडली ते दुकानांच्या पाट्या बदलल्यावरच कळतं. माती तीच, ऊस तोच, माणसंही एकमेकांची सोयरी. पण त्याच न दिसणाऱ्या रेघेवर जमिनीचा उतारा कुठल्या भाषेत निघणार, मुलांना शाळेत कुठली भाषा घ्यावी लागणार, हे सगळं ठरत असतं. साखरेच्या बॉर्डरचंही तसंच आहे. ओलांडताना काही जाणवत नाही. ना तहान लागत, ना वजन उतरत, ना चक्कर येत. म्हणून तर ती रेघ फुकटची वाटते.

मी इतिहास शिकवते, डॉक्टर नाही. तरीही या विषयावर लिहायला बसले, त्याला कारण आमचे नाना. माझे वडील बऱ्हाणपूरला सुताचा व्यापार करत. २००६ साली पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मधुमेह असल्याचं कळलं. अंगठा गेला, पुढे मूत्रपिंडं दगावली, डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि २०११ साली नाना गेले. त्यांच्या मागे कपाट आवरताना वहिनीला एक पिवळा पडलेला कागद सापडला. १९९८ सालचा रक्ताचा रिपोर्ट. उपाशीपोटी साखर ११८. त्यावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, ‘ठीक’. म्हणजे बॉर्डरवर नाना तब्बल आठ वर्षं आधी येऊन उभे होते. त्या आठ वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नाही की इथून मागं फिरता येतं.

गेल्या डिसेंबरात भाच्याचा साखरपुडा होता, म्हणून माहेरी गेले. गोवा एक्स्प्रेसनं बेळगावहून भुसावळ, आणि तिथून पुढे तासाभरात बऱ्हाणपूर. माझं सासर कर्नाटकात, माहेर मध्य प्रदेशात, आणि दोन्हीकडून महाराष्ट्राची हद्द काही मैलांवर. तापीकाठचं हे गाव आपल्याकडच्या लोकांना माहीत असतं ते मुमताज महल इथे १६३१ साली वारली एवढ्यापुरतं. पण गावात उतरलेल्याला आधी ऐकू येते ती यंत्रमागांची खडखड, आणि मग नाकात शिरतो तळणाचा वास. इथली माव्याची जिलबी काळसर, जाड आणि पाकानं जड असते. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर ती ‘बऱ्हाणपूर जिलबी’ या नावानंच विकली जाते. आणि दुसरा दराबा. रवा, तूप आणि पिठीसाखर फेटून फेटून इतकी हलकी करायची की जिभेवर ठेवताच विरघळावी. बेळगावला कुंदा, गोकाकला करदंट, तसा बऱ्हाणपूरला दराबा. साखरपुड्याला तो नसेल तर सोयरे नावं ठेवतात.

दादानं त्या दिवशी पाहुण्यांच्या आग्रहाला मान देऊन दोन्ही खाल्लं. संध्याकाळी मंडळी पांगल्यावर वहिनीनं मला आत बोलावलं आणि फ्रिजवर ठेवलेला लिफाफा हातात दिला. ‘वन्सं, तुम्हीच सांगा ह्यांना. माझं ऐकत नाहीत.’ उपाशीपोटी साखर ११४. एचबीएवनसी ६.१. दादा चोपन्न वर्षांचा. नानांच्या त्या पिवळ्या कागदापासून फक्त चार आकडे अलीकडे.

‘अगं, बॉर्डरलाईन आहे नुसतं,’ दादा म्हणाला. ‘आणि मी कुठे जाड आहे?’

हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उभं आयुष्य याच प्रश्नामागे घातलं आहे. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी काडीसारखी. पण मोजलं तेव्हा दिसलं, की वजन कमी असलं ते स्नायूंचं. चरबी मात्र त्या मानानं घटलेली नव्हती. वरून बारीक, आतून चरबीदार. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआयचा आकडा दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघेही सडपातळच ठरतात. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे’ हे आपल्या लोकांनी आरशाला नाही, टेपला विचारायचं असतं. कमरेला गुंडाळायच्या टेपला.

आता आत काय चाललेलं असतं ते सांगते, मला समजलं तसं. भाकरी खा, भात खा की जिलबी खा, त्यातल्या पिठाची आणि साखरेची शेवटी रक्तात साखरच होते. ही साखर स्नायूंत आणि यकृतात पोचवायची तर इन्सुलिन लागतं, आणि ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात. पोटात आणि यकृतात चरबी साठत गेली, स्नायू कामावाचून पडून राहिले, की शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. मग स्वादुपिंड दुप्पट राबतं, जादा इन्सुलिन सोडतं आणि रिपोर्ट नॉर्मल ठेवतं. असं कित्येक वर्षं चालतं. एक दिवस ते दमायला लागतं. मागणी तेवढीच, पुरवठा कमी. तेव्हा पहिल्यांदा कागदावरचा आकडा जरा वर सरकतो. त्यालाच डॉक्टर प्रीडायबेटीस म्हणतात, आपण मराठीत पूर्वमधुमेह म्हणू. म्हणजे बॉर्डर ही सुरुवात नव्हे. आत बरीच वर्षं चाललेल्या गोष्टीची ती पहिली पावती असते.

बऱ्हाणपूरच्या माणसाला हे कुंडी भंडाऱ्यावरून चटकन कळावं. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर गावात आणलं होतं. आपल्याकडे बिदरला नौबादचं कारेझ आहे, त्याच जातीचं काम. वरून चालणाऱ्याला दिसतात त्या फक्त ओळीनं बांधलेल्या कुंड्या. खाली पाणी किती आहे, कुठे अडलं आहे, ते कुंडीत वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. रक्ताची तपासणी म्हणजे असंच एका कुंडीतून डोकावणं.

आणि अशा कुंड्या तीन आहेत. पहिली, रात्रभर उपाशी राहून सकाळी केलेली तपासणी. शंभरच्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह, १२६ पासून मधुमेह. दुसरी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन दोन तासांनी केलेली. तिथे १४० ते १९९ हा सीमाभाग, २०० पासून मधुमेह. तिसरी एचबीएवनसी. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी ती सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर, ६.५ पासून पलीकडे. पलीकडचा आकडा आला आणि बाकी त्रास काही नसला, तर डॉक्टर दुसऱ्यांदा तपासून खात्री करून घेतात.

यात गंमत अशी, की ही रेघही माणसांनीच आखलेली आहे. ज्या २००३ साली खंडव्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला, त्याच साली अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेनं उपाशीपोटीच्या साखरेची रेघ ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना मात्र अजून ११० च धरते. म्हणून एका डॉक्टरांनी ‘आहे’ म्हटलं आणि दुसऱ्यांनी ‘नाही’ म्हटलं, तर गोंधळून जाऊ नका. नाना आणि दादा या दोघांचेही आकडे कुठल्याही हिशेबानं सीमाभागातच होते. आणखी एक. अंगात लोह कमी असेल, किंवा सिकलसेलचा दोष असेल, तर एचबीएवनसी फसवू शकतं. निमाडातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आढळतं आणि रक्त कमी असलेल्या बायका तर आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. तेव्हा एकाच कुंडीवर भिस्त ठेवू नये.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिवणाच्या डब्यातला टेप काढला. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं २००५ साली आपल्या लोकांसाठी एक सोपी गुणपत्रिका तयार केली आहे. सुई नको, रक्त नको. वय पस्तिशीच्या आत असेल तर ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असेल तर ०, त्यावर दहा सेंटिमीटरपर्यंत १०, त्याहून जास्त असेल तर २०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. भरपूर अंगमेहनत आणि व्यायाम असेल तर ०, बैठं काम आणि व्यायाम शून्य असेल तर ३०, मधल्यांना मधले गुण. बेरीज साठ किंवा जास्त आली, की धोका मोठा. तीसच्या आत असेल तर कमी.

दादाचे वयाचे ३०, कंबर ९६ म्हणून १०, दुकानाच्या गादीवर दिवसभर बैठक म्हणून ३०, नानांचे १०. एकूण ऐंशी. दादा म्हणाला, ‘उभ्या जन्मात एवढे मार्क पडले नव्हते!’ सगळे हसलो. मग माझी पाळी. वय ४६ चे २०, कंबर ८४ चे १०, घर ते कॉलेज एवढंच चालणं म्हणून २०, नानांचे १०. बरोबर साठ. मग नवऱ्या मुलालाही उभं केलं. सत्तावीस वर्षांचा, पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसून नोकरी करणारा. वयाचे ०, कंबर ९२ चे १०, बैठकीचे ३०, आई-वडिलांचे अजून ०. चाळीस. तो म्हणाला, ‘आत्या, म्हणजे मी मधेच.’ वहिनीनं फक्त एवढं विचारलं, ‘ह्यांची शुगर उद्या पलीकडे गेली, तर त्याचे पन्नास होणार ना?’ त्यावर कुणीच हसलं नाही. वडिलांचा आकडा मुलाच्या गुणपत्रिकेत असा उतरतो.

बेळगावला परतल्यावर मी स्वतःच्या तिन्ही तपासण्या करून घेतल्या. उपाशीपोटी ९७, अगदी शहाण्या मुलीसारखी. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५६. एचबीएवनसी ५.८. नुसती सकाळची तपासणी केली असती तर कागदावर ‘नॉर्मल’ आलं असतं. आपल्याकडे पुष्कळांची साखर आधी जेवणानंतरच चढू लागते, म्हणून ही दुसरी कुंडी महत्त्वाची.

आपण एकटे नाही, हे मला त्याच दिवसांत वाचताना कळलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशभर मिळून १,१३,०४३ माणसं तपासली. त्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि बॉर्डरवरचे १३ कोटी ६० लाख. आपल्या शेजारच्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त निघालं, २६.४ टक्के. म्हणजे मधुमेह झालेल्यांपेक्षा दारात उभे असलेलेच जास्त आहेत.

आणि या दारात आपली माणसं फार वेळ थांबत नाहीत. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं नजरेखाली ठेवलं. २००६ साली निकाल छापला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यातले ५५ टक्के तीन वर्षांत पलीकडे गेले. निम्म्याहून जास्त! पण ज्यांच्या जेवणाकडे आणि चालण्याकडे नेटानं लक्ष पुरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिन या गोळीनंही जवळपास तेवढाच फायदा झाला, आणि दोन्ही एकत्र करून जास्त काही मिळालं नाही. यातली मला सगळ्यात मोलाची वाटली ती गोष्ट अशी, की त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. तरी धोका कमी झाला. दादासारख्या सडपातळ माणसाला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

अमेरिकेत २००२ साली ३,२३४ लोकांवरचा असाच अभ्यास पुरा झाला होता. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालायचं, एवढंच उद्दिष्ट. मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. गोळीनं ३१ टक्के. त्याच मंडळींचा पुढे पाठपुरावा केला, त्याचा निष्कर्ष २०१२ साली आला. ज्यांची साखर मधल्या काळात एकदा तरी पूर्ण नॉर्मलला आली होती, त्यांचा पुढचा धोका कायम बॉर्डरवरच राहिलेल्यांपेक्षा ५६ टक्क्यांनी कमी होता. एकदा तरी! हे वाचलं आणि नानांची ती आठ वर्षं डोळ्यांपुढे आली. या बॉर्डरवर परतीचा रस्ता उघडा असतो. नुसता उघडा असतो असं नाही, एकदा माघारी जाऊन आलात तरी ते जमेला धरलं जातं. पलीकडे गेल्यावरही काहींना साखर आटोक्यात आणता येते, पण ती वाट चढाची.

मग आमच्या दोन्ही घरांनी काय केलं, ते सांगते. उपाशी कुणी राहिलं नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांचे सल्ले आले, पण कुणी त्यांच्या मागे लागलं नाही. आधी ताटाची मांडणी बदलली. भात निम्म्यावर आणला, आणि मोकळ्या झालेल्या जागी उसळ, पालेभाजी, ताक, झुणका. इथे एक समजूत दूर करायला हवी. आपल्याकडे वाटतं, गव्हाऐवजी जोळद रोट्टी खाल्ली की झालं. जोंधळा चांगलाच. पण २०२५ साली परिषदेच्याच पाहणीतून पुढे आलं, की भारतीयांच्या रोजच्या जेवणातल्या ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतूनच येतात, आणि भाताच्या जागी नुसती पोळी किंवा भाकरी आणून धोका कमी होत नाही. एकूण पिठाचा वाटा कमी करून डाळी, कडधान्य, दूध-ताक वाढवावं लागतं. म्हणजे तीनच्या दोन भाकऱ्या आणि वाटीऐवजी दोन वाट्या उसळ.

गुळाचंही तेच. आपण कोल्हापूरच्या शेजारची माणसं, गुळाला साखर म्हणायला जीभ रेटत नाही. पण रक्ताला काकवी, गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. बऱ्हाणपूर-रावेरकडे केळीचा प्रश्न. घरच्या बागेतल्या केळीला नाही कसं म्हणायचं? दादाच्या डॉक्टरांनी ती बंद केली नाहीत. एकच, लहान, फार पिकून काळं न पडलेलं, आणि जेवणावर नाही तर मधल्या वेळी. शिकरण मात्र गेलं.

दुसरी गोष्ट चालण्याची. त्यासाठी आमच्याकडे पुस्तक लागलं नाही. माझ्या सासूबाई, मुलांच्या अज्जी, पहिल्यापासून म्हणत आल्या आहेत, ‘ऊट आदम्याले नडीबेकु.’ जेवण झाल्यावर चाललं पाहिजे. आपल्या मराठीत त्यालाच शतपावली म्हणतात. हालणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फार वाट न पाहता उचलतो, म्हणून जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणंही कामी येतं. शंभर पावलांवर भागत नाही एवढंच. शिवाय सकाळी अर्धा तास भरभर. दादा आता तापीच्या राजघाटापर्यंत जातो. दुकानात गल्ल्यावर बसून मुनीमाला हाक मारण्याऐवजी स्वतः उठून माल दाखवतो. वहिनी म्हणते, गिऱ्हाइकंही खूश आहेत.

सगळ्यात अवघड होतं ते माणसांना नाही म्हणणं. आपल्याकडे साखर म्हणजे नुसता पदार्थ नव्हे. लग्न ठरलं की साखरपुडा, गोड बातमी आणली की तोंडात साखर पडो, संक्रांतीला तिळगूळ, आणि उगादीला कडुनिंबाबरोबरही गूळ हवाच. दारात आलेल्याला ‘ऊट आतेन्री?’ विचारणं आणि ‘स्वल्प तगोरी’ म्हणत वाढणं, यातच आपलं प्रेम. ते प्रेम मोडायचं नाही. सासूबाईंनीच त्यावर तोड काढली. सणाला होळिगे होणारच, पण माणशी एक, आणि त्याबरोबर कटाची आमटी पोटभर. एरवीच्या दिवशी पाहुण्यांना लाडवांऐवजी भाजलेले शेंगदाणे, मीठ-मसाल्याचं ताक, पेरूच्या फोडी. पहिल्या महिन्यात शेजारणी कुजबुजल्या, ‘घरात काही अडचण आहे का?’ आता त्यांतल्या दोघी संध्याकाळी आमच्याबरोबर चालायला येतात.

सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा रक्त दिलं. दादाची उपाशीपोटीची साखर ११४ वरून १०६, एचबीएवनसी ६.१ वरून ५.९, कंबर ९६ वरून ९२. माझी दोन तासांनंतरची १५६ ची १३८ झाली. म्हणजे मी रेघेच्या जेमतेम अलीकडे, आणि दादा अजून सीमाभागातच. पण तोंड कुठे आहे ते महत्त्वाचं. दादाच्या डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू केली नाही. आकडा पुन्हा चढला तर विचार करू म्हणाले. तो निर्णय त्यांचा, आणि तो त्यांच्यावरच सोडावा. शेजारच्यांची गोळी आपण घेऊ नये.

तेव्हा वाचकहो, हा अंक बाजूला ठेवलात की घरातला टेप शोधा आणि प्रत्येकाची बेरीज करा. साठच्या वर गेलेल्यांनी तपासणी लांबणीवर टाकू नये. बॉर्डरवर असलेल्यांनी दर वर्षी करावी. घरातल्या ज्या लेकीसुनांना बाळंतपणात साखर वाढली होती, त्यांचीही तपासणी पुढे चालू ठेवा. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी त्यांचा धोका उतरत नाही, आणि नेमक्या त्याच घरच्या कामात स्वतःला विसरतात. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. एका वहीत तारीखवार चिकटवा. मात्र त्यावर पेन्सिलीनं ‘ठीक’ लिहू नका. पुढच्या तपासणीची तारीख लिहा. आमच्या वहीत ती लिहिली आहे. दादाची आणि माझी एकच.